जेवल्यावर घ्यायची गोळी

औषधाच्या खिडकीतून माणूस दिसायचा नाही, नुसता हात दिसायचा. लोखंडी जाळी, जाळीच्या तळाशी अर्धगोल भोक, आणि त्या भोकातून आत येणारा हात. कुणाच्या हातात केसपेपर, कुणाच्या हातात मिक्श्चरसाठी घरून आणलेली बाटली. हाताच्या मागं रांग, रांगेच्या मागं दवाखान्याचं धुरळ्याचं आवार, आणि त्याच्या मागं लातूर. उस्मानाबादेतून फुटून नवा जिल्हा झाला त्याला थोडीच वर्षं झाली होती. जिकडं बघावं तिकडं नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, नव्या जीपगाड्या. साहेब नवे आले, पाणी मात्र आलं नाही. पाऊस हुकला तो हुकलाच. उन्हाळ्याच्या तोंडाला विहिरींचे तळ दिसायला लागले, आणि गल्लीत टँकर कधी यायचा ते टँकरवाल्यालाही मालूम नसायचं.

सिंधू त्या खिडकीच्या आत स्टुलावर बसायची. डी.फार्मसीची दोन वर्षं वर्गात निघाली, परीक्षा झाली. आता तीन महिने दवाखान्यात नाहीतर औषधाच्या दुकानात उभं राहून काम शिकायचं. त्याबिगर सर्टिफिकेट नाही. वर्गातल्या बाकीच्या पोरी आपापल्या गावाकडं पांगल्या. कुणी चुलत्याच्या मेडिकलात, कुणी तालुक्याच्या दवाखान्यात. सिंधूचं गाव अर्धापूर. तिथून नांदेडचा दवाखाना किती लांब? सकाळी एसटीत बसलं की चहा थंड व्हायच्या आत नांदेड. पण तिनं अर्जावर लातूरच लिहिलं.

कारण अर्धापुरात ती अण्णाराव केळीवाल्याची लेक नव्हती राहिली. ती सोडलेली होती. लग्न होऊन उमरीला नांदायला गेली, आणि वर्ष व्हायच्या आत नवऱ्यानं ट्रंकेसकट आणून ओसरीवर बसवली. का, ते कुणी धड सांगितलं नाही. सासरची म्हणाली, हिला बोलायचं कळत नाही. माहेरच्या गल्लीत बाया कडब्याच्या पेंढीआडून म्हणाल्या, काहीतरी असंलच की. अण्णारावानं एकच काम चांगलं केलं. म्हणाला, "शिक. दुनियेत आजार हाय तवर औषधाला गिऱ्हाईक हाय." आणि लातूरला आणून सोडली. मग पत्र घालायचं काम त्याचं नव्हतं. आई कस्तुराबाईला लिहिता येत नव्हतं.

औसा रोडला केवळाबाईची खोली. केवळाबाई भाडेकरणीशी दोनच गोष्टींवर बोलायची, दिवा आणि पाणी. दिवा विझव, पाणी जपून वापर. असे कैक दिवस जायचे की सकाळपासून सांजपर्यंत सिंधूच्या तोंडून निघालेली सगळी वाक्यं गोळ्यांचीच असायची.

ती वाक्यं तिला शेषेरावांनी शिकवली होती. शेषेराव दवाखान्याचे फार्मासिस्ट. पोट सुटलेलं, आवाज खणखणीत, डोळ्यावरचा चष्मा कायम कपाळावर. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं,

"कॉलेजात काय शिकिवलं?"

"सगळंच शिकिवलं सर. औषधं कशी बनतात, अंगात जाऊन काय करतात..."

"ते राहू द्या. पुडी बांधता येती का?"

येत नव्हती. शेषेरावांनी कागद घेतला, चूर्ण टाकलं, तीन घड्या घालून टोक असं आत खुपसलं की उलटी करून झटकली तरी कण सांडला नाही. मग काचेवर मलम घोटायला शिकवलं. मग मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायला शिकवलं, कडेनं खाचा पाडलेली, एक खाच म्हणजे एक डोस. "बाईला आकडा वाचता न्हाई आला तरी खाच दिसती. बोट लागलं पायजे खाचेला. आन् बाटली हालवून दाखवायची, गाळ खाली बसतो."

सगळ्यात शेवटी खिडकी. खिडकीवर बोलायची एक चाल होती, शेषेरावांनी कित्येक वर्षं घासून गुळगुळीत केलेली. "एक सकाळी, एक सांजंला, जेवल्यावर! हां, पुढं!" वासुदेव गातो तशी. आठवडाभरात सिंधूचा आवाजही त्याच चालीत जायला लागला. शेषेराव खूष.

"आता तू झालीस फार्मासिस्ट. गळा बसला की नोकरी पक्की."

एका सकाळी खिडकीतून हात आला. म्हाताऱ्या बाईचा. मनगटाच्या वर विभूतीचे तीन पट्टे, खालची कातडी चिंचेच्या टरफलासारखी. हातात फेफऱ्याच्या झटक्यावरच्या गोळ्यांचा कागद. सिंधूनं गोळ्या पाकिटात घातल्या आणि चाल लावली. "एक सकाळी, एक सांजंला, जेवल्यावर."

हात मागं गेला नाही.

"आवाज नवा हाय. कुठल्या गावची गं तू?"

"अर्धापूर."

"केळीचं अर्धापूर? आगं, माझा धोंडप्पा तिथंच हाय की! बाजारगल्लीत किराणा दुकान."

"धोंडप्पाशेठ? त्यांच्याच दुकानातून आमचा गूळ येतो."

"मग तू माझीच की, मगळे." मगळे म्हणजे लेकी. म्हातारीचं माहेर कानडी मुलखातलं, भालकीच्या पलीकडलं, आणि जीव जडला की तिची जीभ तिकडं वळायची.

"गंगम्मा," मागून शेषेराव ओरडले, "रांग खोळंबून राहिली. सोयरीक भाईर जुळवा!"

गंगम्मानं ते खरं धरलं. दुपारी खिडकी बंद झाली तेव्हा ती आवारातल्या लिंबाखाली बसून होती. त्या दिवसापासून दर सोमवारी, गोळ्यांच्या वारी, ती दुपारपर्यंत थांबायची. सिंधू डबा उघडायची. गंगम्मा बाहेरचं काही खायची नाही, नुसती बसायची आणि बोलायची. नवरा गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तोलार होता, वजनाचा पक्का आणि डोक्याचा कच्चा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. गंजगोलाईच्या मागल्या गल्लीत एक खोली, त्यात ती एकटी. लेक दर खेपेला म्हणायचा, आई चल. ती नाही म्हणायची.

"सून वाईट हाय का?" सिंधूनं एकदा विचारलं.

"उमाबाई? न्हाई गं. लई चांगली हाय. पाटावर बसवून जेवू घालती. पन तिच्या घरात मी सासू हाय. हितं मी गंगम्मा हाय."

एवढ्या सोमवारांत तिनं सिंधूला नवरा काय करतो ते विचारलं नव्हतं. लातुरात असं न विचारणारं दुसरं माणूस सिंधूला भेटलं नव्हतं. शेवटी सिंधूनंच सांगितलं, मला सोडलंय म्हणून. गंगम्मानं लिंबाची एक काडी मोडून दातात धरली.

"बरं झालं. धरून ठिवलं असतं तर मला गोळ्या कोनी दिल्या असत्या? ह्या शेष्यानं? त्याचं तर पोटच खिडकीत मावत न्हाई."

सिंधू हसली. हसल्यावर तिला आपलाच आवाज अनोळखी वाटला.

मग एका सकाळी टँकरच्या रांगेत गंगम्माला झटका आला. घागरीवर पडली, भुवई फुटली. गल्लीतल्यांनी रिक्षात घालून आणली. पोस्टमास्तरकडून अर्धापूरला तार गेली आणि दुसऱ्या दिवशी धोंडप्पा हजर. पांढरा पायजमा, काळी टोपी, डोळे रडून लाल. डॉक्टरसाहेब म्हणाले, "गोळ्या रोज पोटात गेल्या तर असं व्हायला नको. बाई, घेता ना?"

"घेते की. जसं सांगितलं तसंच घेते. ती अर्धापूरची पोर साक्ष हाय."

धोंडप्पा लिंबाखाली आईपुढं उभा राहिला. सिंधू शेजारीच होती.

"आई, बास झालं आता. अमुशाला येतो मी. तवर झटका न्हाई आला तर ऱ्हा हितंच. आला तर मी ऐकनार न्हाई, सामानासकट गाडीत घालून नेतो."

"अमुशाला ये. येताना केळी आन," गंगम्मा म्हणाली.

पण लेक फाटकाबाहेर गेल्यावर तिनं सिंधूचं मनगट धरलं. धरलं ते बराच वेळ सोडलंच नाही.

पुढच्या सोमवारी तिनं कागद आत सरकवला आणि म्हणाली, "थोड्याच दे. घरात हायत अजून."

सिंधूचा हात पाकिटावर थांबला. मागच्या सोमवारी दिलेल्या गोळ्या संपायला पाहिजे होत्या.

"उरल्या कशा?"

"उरल्या म्हंजी बरकत हाय."

"गंगम्मा, गोळ्यांत बरकत नसती."

"पुढं सरक की गं म्हातारे!" रांगेतून कुणीतरी खेकसलं, आणि हात गेला.

त्या दिवशी ती लिंबाखाली थांबली नाही. सिंधूनं डबा तसाच बांधला, काम सुटल्यावर पत्ता विचारत विचारत गंजगोलाईच्या मागं गेली. ऊन उतरलं होतं. गल्लीत दाराला दार लावून रिकाम्या घागरी मांडलेल्या, टँकरच्या नावानं नंबर लावून, प्रत्येकीच्या तोंडावर ओळखीचा दगड.

गंगम्माचं दार उघडंच. चूल थंड. रांजण पालथा घातलेला. ती भिंतीला टेकून बसली होती, आणि मांडीवर कापडात बांधलेलं इष्टलिंग, गळ्यात असायचं ते, दोन्ही हातांनी धरलेलं. कोनाड्यात गोळ्यांची पाकिटं. एक अर्धं, एक पुरं.

"आलीस? बस. पानी मागू नको मातर."

"जेवलात का?"

"न्हाई."

"सकाळी?"

"न्हाई."

"काल?"

गंगम्मानं मांडीवरच्या लिंगाचं कापड नीट केलं. मग हळूहळू, एखाद्या पोराला शाळेतली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. लिंग बांधलेल्या बाईनं आंघोळ करायची, विभूती लावायची, तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची, आणि मगच तोंडात काही घालायचं. तिनं लग्नाच्या आदीपासून कधी मोडलं नव्हतं. टँकर आला की आंघोळ. आंघोळ झाली की पूजा. पूजा झाली की भाकर.

"आन् भाकर झाली की गोळी," गंगम्मा म्हणाली. "तूच म्हनतीस न्हवं? जेवल्यावर."

सिंधूनं कोनाड्यातलं अर्धं पाकीट हातात घेतलं. ती अर्धापूरची. तिच्या गावात कॅनॉल बारा महिने केळीच्या बुडात खेळायचा. आंघोळीला पाणी नाही म्हणून जेवण नाही, आणि जेवण नाही म्हणून गोळी नाही, ही साखळी तिच्या कुठल्या पुस्तकात नव्हती. खिडकीच्या चालीतही नव्हती.

"गोळी तेवढी आदी घ्या. औषधाला काय विटाळ हाय का?"

"लिंगाच्या आदी थेंब न्हाई जात तोंडात."

"तुमच्या मठातल्या आयास्वामीला विचारलं तर? पानी नसल्यावर नुसत्या विभूतीची आंघोळ चालती म्हनतात तुमच्यात."

"चालती की. आजाऱ्याला चालती."

"मग?"

गंगम्मानं तिच्याकडं असं बघितलं की जणू पोरीचं डोकंच फिरलंय. "मी कुठं आजारी हाय?"

दुसऱ्या दिवसापासून सिंधू पहाट फुटली की उठायची. केवळाबाईकडून भाडेकरणीला रोज एक घागर मिळायची, प्यायला, धुवायला, सगळ्याला मिळून. सिंधू एक तांब्या ठेवून घ्यायची आणि बाकीची घागर कडेवर घेऊन गंजगोलाई गाठायची.

"तुज्या वाटनीचं हाय, गटारीत वत न्हाईतर देवाला घाल," केवळाबाई म्हणाली. "फक्त परत मागू नको."

गंगम्मा मोरीत बसून तेवढ्या पाण्यात आंघोळ करायची. खाली परात ठेवायची, परातीतलं पाणी धुण्याला. सिंधू उंबऱ्यात पाठ करून बसायची. आतून कानडी पुटपुट ऐकू यायची, मग विभूतीचा वास, मग भाकरी थापल्याचा आवाज. मग गंगम्मा म्हणायची, "बा, मगळे, ये. बघून घे तुज्या डोळ्यानं," आणि गोळी जिभेवर ठेवून दाखवायची, सर्कशीतल्यासारखी. दोघी एका ताटलीत जेवायच्या. त्या दिवसांत सिंधूचा पांढरा कोट मळकट झाला, केस घामानं चिकट झाले. पण ती दवाखान्यात गुणगुणत यायची.

शेषेरावांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "कोट धुवायला काय हुतंय?"

सिंधूनं सगळं सांगितलं. त्यांनी पुडी बांधता बांधता ऐकलं.

"चांगलं केलंस. पन तुझं ट्रेनिंग सरल्यावर मंग?"

"मंग बघू."

"मंग बघू कुठं लिहिलेलं न्हाई आपल्या धंद्यात. डॉक्टरला सांगितलंस?"

"सांगितलं तर धोंडप्पाशेठला कळंल. ते नेतील त्यांना."

शेषेरावांनी पुडीचं टोक आत खुपसलं. "हं," एवढंच म्हणाले.

झटका आला नाही. गंगम्माच्या गालावर जराशी लाली आली. अमावस्या जवळ आली तसं ती गल्लीत सांगत फिरायची की माझा ल्योक केळी घेऊन येनार हाय आन् केळी ठिवून मोकळ्या हातानं जानार हाय. आणि मग केवळाबाईच्या गल्लीतला टँकर आला नाही. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सिंधू रिकामी घागर घेऊन दवाखान्याच्या नळाशी गेली. नळाला कुलूप, ऑपरेशनपुरतं पाणी राखून ठेवलेलं. कुलपाशी बसलेला माणूस म्हणाला, "बाई, हितं पेशंटच बिनपान्याचं हायत. तुमची कोन?"

सिंधूनं रिकामी घागर कडेवर घेतली आणि परत फिरली.

अमावस्येच्या आदल्या दिवशी गंगम्मा झटका येऊन आपल्याच उंबऱ्यावर पडली. पुढचा दात गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत ती स्टुलावर बसलेली, तोंडाला पदर. धोंडप्पा मागं उभा, हातात केळीची फणी तशीच. डॉक्टरांनी शेषेरावांना बोलावून घेतलं होतं, आणि शेषेराव सिंधूला घेऊन आले होते.

"गोळ्या घेऊन बी झटके येतायत," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे डोस कमी पडतोय. दुप्पट करून बघू. महिनाभर बघू, मग ठरवू कुठं ठेवायचं ते."

महिनाभर! गंगम्मानं पदर खाली केला. फुटक्या ओठानं हसली आणि सिंधूकडं वळली.

"सांग की गं त्यास्नी. घेते का न्हाई मी गोळ्या? तू तर बसून बघतीस."

सगळे सिंधूकडं बघायला लागले. हो म्हटलं की झालं. एक महिना, पुढचं पुढं, कदाचित पाऊसही. पण दुप्पट गोळ्या. ज्या दिवशी पाणी येईल त्या दिवशी दुप्पट, आणि नाही येणार त्या दिवशी काहीच नाही. ते अंगात जाऊन काय करेल ते तिला पुस्तकातून ठाऊक होतं, एक दिवस गुंगी, दुसऱ्या दिवशी आणखी मोठा झटका. तिनं शेषेरावांकडं बघितलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. तिथं मदत नव्हती.

"जेवतात तवा घेतात," सिंधू म्हणाली.

"म्हणजे?"

"रोज जेवत न्हाईत सर. पानी न्हाई आलं की आंघोळ न्हाई, पूजा न्हाई, मग जेवन न्हाई. आपुन जेवल्यावर म्हनतो. म्हनून गोळी बी न्हाई. डोस बरोबर हाय. वाढवू नका."

 डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. धोंडप्पाच्या हातातली केळीची फणी टेबलावर टेकली.

"माझी आई उपाशी ऱ्हाती?" त्याचा आवाज फाटला. "माझं किराना दुकान हाय आन् माझी आई उपाशी ऱ्हाती?"

"उपाशी न्हाई रे, लिंग झालं न्हाई म्हनून..." गंगम्मा म्हणाली आणि थांबली. परक्या माणसांपुढं, डॉक्टरापुढं, लेकापुढं. तिनं पदर परत तोंडावर घेतला. पदराआडून, हळू, सिंधूलाच ऐकू जाईल एवढं बोलली. "घरात घेतलं व्हतं तुला."

धोंडप्पानं त्याच दिवशी मेटॅडोर आणला. रांजण, पाट, पत्र्याची पेटी. सिंधू गल्लीच्या तोंडाशी उभी होती. गाडी तिच्या पुढून गेली. गंगम्मा ड्रायव्हरशेजारी बसली होती, समोर बघत.

शेषेराव दुसऱ्या दिवशी म्हणाले, "जे केलंस ते बरोबर केलंस. मी बी तेच सांगितलं असतं."

"मग तुमीच का न्हाई सांगितलं?"

"मला कुठं गंगम्मा भाकर वाढायची?" ते म्हणाले, आणि खिडकी उघडली.

राहिलेल्या दिवसांत सिंधूची चाल मोडली. हात आत आला की ती विचारायची, "जेवन किती येळा करता?" रांगेत खसखस पिकायची.

"का गं बाई, वाढतीस का?"

"मामा, इचारते म्हनून सांगा."

"सांगतो की. कलेक्टर इचारतो तवा दोन येळा. खरं म्हनशील तर एकदा."

मग ती पाकीट परत घ्यायची, शेषेरावांना विचारायची, कागद घेऊन डॉक्टरकडं पळायची. रांग लांबायची. लोक शिव्या द्यायचे. शेषेराव डोक्याला हात लावायचे. "एवढी वर्षं काडली ह्या खिडकीवर, पन अशी खोळंबली नव्हती." पण तिला उठवलं नाही. कधीकधी तिच्या मागून, चालीत नाही, साध्या आवाजात तेही विचारायचे, "जेवता किती येळा?" लिंबाखाली मात्र ती एकटी डबा खायची, आणि सोमवार आला की खायचीच नाही.

ट्रेनिंग सरलं. शेषेरावांनी सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, "हितंच अर्ज टाक. नव्या जिल्ह्यात जागा निघतील."

"आदी गावाकडं जाऊन येते," सिंधू म्हणाली.

अर्धापुरात कॅनॉल भरून वाहत होता. केळीची पानं इतकी हिरवी की डोळ्याला सहन होईना. अण्णारावानं सर्टिफिकेट दोनदा उलटंसुलटं बघितलं. आईनं न्हाणीत चुलाणं पेटवलं, हंडाभर पाणी काढलं. सिंधू त्या पाण्याकडं बघत बसली. गार झालं तरी आंघोळ होईना.

बाजारगल्लीतून जायचं म्हणजे सगळ्या ओट्यांसमोरून जायचं. सोडलेली आली, शिकून आली, असं दोन्ही तोंडांनी बोलणाऱ्या ओट्यांसमोरून. लातूरला राहिली ती हे टाळायलाच. ती गेली. धोंडप्पाचं दुकान, दुकानामागं घर, घराला आड. आडाला भरपूर पाणी.

उमाबाईनं ओळखलं. "तुमीच का त्या दवाखान्याच्या? या की, बसा."

"कशा हायत?"

"ब्येस हायत. आल्यापास्नं एक बी झटका न्हाई. दोन येळा जेवतात, दोन येळा गोळी." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "बोलत न्हाईत पन. कानडी कुनाला येत न्हाई हितं, आन् मराठी त्यांनी सोडली म्हना की."

गंगम्मा मागच्या ओसरीवर होती. आंघोळ झालेली, कपाळावर विभूती ओली. अंगावर मांस आलेलं. दाताच्या खिंडीवर ओठ आत गेलेला. तिनं सिंधूकडं बघितलं आणि नजर आडाकडं फिरवली.

"गंगम्मा, मी आले."

 उमाबाई चहा ठेवायला गेली. सिंधू खांबाला टेकून उभी राहिली. कावळे आले, आडावर सांडलेलं पाणी पिऊन गेले. मग आडाकडंच बघत गंगम्मानं विचारलं,

"माज्या गल्लीत टँकर येतो का आता रोज?"

सिंधू लातूर सोडण्याआधी त्या गल्लीत जाऊन आली होती. घागरी तशाच रांगेत होत्या. येतो म्हटलं असतं तर म्हातारी तिच्याशी बोलली असती. निदान आजच्या दिवस.

"न्हाई येत."

गंगम्मानं मान हलवली, हिशोब लागल्यासारखी. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि भिंत धरत आत गेली. आत पाट सरकवल्याचा आवाज झाला.

उमाबाईनं चहा आणून दिला. "आता जेवतील, मग गोळी. तुमी बसा," ती म्हणाली आणि वाढायला गेली. सिंधू ओसरीवर बसली. आतून ताटाचा आवाज आला, मग तांब्याचा. मग उमाबाई म्हणाली, "घेतली ना?" आणि म्हातारीनं काहीतरी म्हटलं, कानडीत, एकच शब्द, सिंधूला न कळलेला. सिंधूनं कपबशी विसळून पालथी घातली आणि मागच्या दारानं, केळीच्या बांधानं घरी गेली.